सारवलेली वाळू

दोन हजार पंधराच्या जानेवारीत शिरे नदी पात्र सोडून आली आणि आमचं खालचं गाव घेऊन गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, आमच्याकडे नोव्हेंबरात लागणाऱ्या पावसाआधी माती भाजून निघते त्या दिवसांत, वर चिम्वालाच्या माळावर मुलांसाठी झोपाळे उभे राहिले. त्या दिवसांतली ही गोष्ट, नाम्बेवेची.

चिम्वाला म्हणजे मोठा धोंडा. जागाही तशीच. खालची लोण्यासारखी काळी जमीन सोडून माणसं या धोंड्यावर येऊन राहिली होती. आधी ताडपत्रीखाली, मग एकेकाने विटा पाडल्या, भिंती उभ्या केल्या. विटांसाठी माती काढलेले खड्डे गावभर पडले आणि मुलांनी तेच खेळायला घेतले. जूनमध्ये एका खड्ड्याची कड ढासळली. दोन मुलं गाडली गेली, एकच जिवंत निघालं. त्यानंतर ब्लांटायर शहरातून एक संस्था आली. त्यांची कालिंडेबाई म्हणाली, मुलांना खेळायला धड जागा हवी. लाकूड तुमचं, हात तुमचे, लोखंड आमचं.

काम लेविसनकडे आलं. लेविसन सुतार, नाम्बेवेचा जावई. आमच्याकडे मुलगी नांदायला जात नाही, नवराच तिच्या घरी येऊन राहतो. म्हणजे गावातले निम्मे पुरुष घरजावई. तरी ज्याला त्याला आपलं घरजावईपण आठवून द्यायला गाव चुकत नाही. लेविसनला येऊन सात वर्षं झाली होती. त्याचा आणि लोनेसीचा पहिला मुलगा योहाने चार वर्षांचा होता, तो पुरात गेला. सापडला नाही. मागे एक तान्ही मुलगी राहिली.

सासूने जावयासमोर यायचं नाही, ही आमची रीत. त्याचं नाव घ्यायचं नाही, तो जेवत असेल तिथून जायचं नाही, वाटेत समोर आला तर बाजूला होऊन पाठ करायची. नवीन पोरी हल्ली हसतात यावर. नाम्बेवे हसणाऱ्यांतली नव्हती. एका अंगणात दोन घरं, सात वर्षं, आणि जावयाचा आवाज तिने भिंतीआडूनच ऐकलेला.

सप्टेंबरभर बायकांनी नदीवरून वाळू आणली. उतरायचं, टोपलीत भरायची, डोक्यावर घेऊन धोंडा चढायचा, चढाच्या टोकाशी ढिगावर ओतायची. मानेतून कळ निघायची, घामाने चोळी पाठीला चिकटायची. नाम्बेवे साठीच्या पुढची, तरी तिची टोपली कधी अर्धी नसे.

चढावर लेविसन दिसला की शेजारची एनेलेसी ओरडे, "नाम्बेवे, पळा! जावई आला!"

नाम्बेवे टोपलीसकट काट्यांत शिरे.

"सापाला बघून एवढ्या पळाला नाहीत कधी."

"साप जावई नसतो गं," नाम्बेवे झुडपातून म्हणे, आणि बायका वाळू सांडेपर्यंत हसत.

वाळू कशासाठी, ते लेविसनने गोरखचिंचेखाली सगळ्या गावाला उभं राहून सांगितलं होतं. पण तो मधोमध उभा, म्हणून नाम्बेवे त्या बैठकीला गेलीच नाही. ती मागच्या ओढ्यावर माठाची भाजी खुडत होती. संध्याकाळी तिने लोनेसीला विचारलं, "काय म्हणाले गं तिथे?"

"वाळू आणायची म्हणाले. धुतलेली, खडे वेचलेली."

"कशाला एवढी?"

"झोपाळ्याला," लोनेसी म्हणाली. तेवढ्यात तान्हीने तोंडातलं दूध ओकलं, आणि बोलणं तिथेच राहिलं.

नाम्बेवेला वाटलं, खांब रोवायला असेल. सिमेंटात घालतात तशी.

नाम्बेवेचं सारवण दहा गावांत माहीत होतं. वारुळाची माती ती कुटून, चाळून, एक दिवस भिजवून घेई. जमीन चोपण्याने ठोकून घट्ट करी, मग गुडघ्यावर बसून उजव्या हाताने सारवी, कमानीला कमान जोडत, आणि नुकतं सारवलेलं अंगण माशाच्या खवल्यांसारखं दिसे. तिची करंगळी लहानपणी मुसळाखाली सापडून तळहाताला चिकटली होती, त्यामुळे तिच्या कमानीत रेघा तीनच उठत. बाकी बायकांच्या चार.

झोपाळ्याच्या उद्घाटनाला जिल्ह्याची माणसं येणार होती. आदल्या दिवशी पूरग्रस्तांना मक्याचं वाटप होतं. दोन डोंगर पलीकडच्या शाळेत सगळं गाव रांगेला गेलं. लोनेसी कार्ड घेऊन गेली, तान्हीला पाठीला बांधून. लेविसन झोपाळ्याची एक कडी लोहाराकडून बदलून घ्यायला बांगुलाला गेला होता, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्याच गाडीतून येणार होता. गावात म्हाताऱ्या, शेळ्या आणि ऊन.

जावई नाही म्हणून नाम्बेवे पहिल्यांदाच खेळाच्या जागेवर गेली. जावयाचं काम बघावं, एवढंच मनात.

खांब सरळ होते. लाकडाला हात फिरवला तर कुसळ लागत नव्हतं. टायरच्या बैठका, घसरायला गुळगुळीत फळी. तिचा ऊर भरून आला. मग तिने खाली पाहिलं.

झोपाळ्यांखाली आणि फळीच्या पायथ्याशी वाळू पसरलेली होती. सैल, भुसभुशीत, पाय घोट्यापर्यंत रुतेल अशी. तिच्यात शेळ्यांच्या लेंड्या, गोरखचिंचेचा पाला, कुणाच्या तरी चपलेचा तुकडा. झाडलेलं नाही, चोपलेलं नाही. असं आवार आमच्याकडे एकाच घरी असतं, जिथे माणूस गेलंय तिथे. मयताच्या घरी झाडत नाहीत. प्रेत पुरून आलं की मग बायका झाडू घेतात, आणि ते झाडणं झालं म्हणजे दुःख आवरलं, असं धरतात.

योहानेला पुरलंच नव्हतं. त्यामुळे झाडणंही झालं नव्हतं. नऊ महिने नाम्बेवे रोज आपलं अंगण झाडत होती, पण ते रोजचं झाडणं, ते नव्हे.

'पुरुषाचं काम,' ती पुटपुटली. 'लाकूड बघितलं, जमीन राहिली.' उद्या साहेबलोक येऊन या पसाऱ्यात उभे राहतील. म्हणतील, या घरात बाई नाही का?

आधी तिने लेंड्या आणि पाला वेचला. मग घरामागची भिजवलेली माती आणली, स्वतःच्या ओट्यासाठी ठेवलेली. ती पुरेना, म्हणून वारूळ फोडलं. पाणी बोअरवेलवरून, बारा खेपा. वाळू वर ओली करून तिच्यात माती कालवली, पायांनी तुडवली, चार बोटांचा थर चोपण्याने ठोकला. ठोकताना खांद्यातून कळा येत होत्या आणि बरं वाटत होतं. पुरानंतर एवढं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. मग गुडघ्यावर बसून तिने सारवलं, खांबापासून खांबापर्यंत, मागे मागे सरकत. सारवताना तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते तिने पुढे कुणाला सांगितलं नाही.

चिम्वालाचं ऊन असं की गाव परत येईपर्यंत जमीन वाळून खडखडीत झाली होती.

"बाई गं!" बायका म्हणाल्या. "लेविसनने जायच्या आधी काय चकचकीत करून ठेवलंय!" दिवसभर रांगेत उभ्या राहिलेल्यांना वाळू कशासाठी होती ते आठवलं नाही.

एनेलेसी खाली वाकली, सारवणाकडे बघत राहिली. नाम्बेवे मक्याचं पोतं उतरवून घेत होती. जावयाचं कौतुक होतंय, होऊ दे, असं तिने मनात म्हटलं. सासूने कुठे पुढे यायचं असतं.

सकाळी मुलं पांढरे सदरे घालून रांगेत उभी राहिली. गाणं म्हणायचं ठरलं होतं. पाहुण्यांची गाडी धूळ उडवत आली, गावाच्या मुखियाबाई पुढे झाल्या, आणि गाडीचा आवाज ऐकताच रांग फुटली. मुलांना कुणी सांगायचं, आधी गाणं, मग झोपाळा?

एनेलेसीची तियामिके सहा वर्षांची, पायाने चपळ. ती सगळ्यांच्या आधी टायरवर चढली, उभ्याने झोका घेतला. दोन झोके, तिसरा वर. लेविसन गाडीच्या मागच्या फळीवरून उडी मारत होता. त्याची नजर खाली जमिनीकडे गेली.

"थांबा!" तो ओरडला. "उतरवा पोरांना! उतरवा!"

तियामिकेने आवाजाकडे मान वळवली आणि हात सुटला.

ठक्क. उखळात मुसळ पडावं तसा आवाज. पोर रडली नाही. उठून बसली आणि आपल्या हाताकडे बघू लागली. कोपर नको त्या बाजूला वाकलं होतं. मग एनेलेसी किंचाळली, आणि पोरीला कळलं की रडायचं आहे.

पाहुण्यांच्याच गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. उद्घाटन राहिलं. कालिंडेबाईने बुटाची टाच जमिनीवर आपटून पाहिली, पुन्हा आपटली.

"लेविसन, वाळू कुठाय? हातभर वाळू टाकायची ठरली होती. पोर पडलं तर आजीच्या मांडीत पडल्यासारखं पडेल, हे तुझेच शब्द ना?"

नाम्बेवे बायकांच्या मागे उभी होती. आजीच्या मांडीत. ते शब्द तिने त्या दिवशी, तेव्हा पहिल्यांदा ऐकले. 

लेविसन उकिडवा बसला. त्याने सारवणावरून हात फिरवला. सात वर्षं तो त्याच सारवणावर जेवत आला होता. एका कमानीवर त्याची बोटं थांबली. एक, दोन, तीन. मग तो उठला, आणि बायकांकडे मुळीच न बघता म्हणाला, "काम माझं होतं."

"तू केलंस हे?"

"काम माझं होतं, बाई."

गावाला तेवढं पुरे झालं. लेविसन आपल्या नव्या खोलीची जमीन करत होता आणि दाराशी थोडी वाळू पडलेली होती. ती संस्थेची होती की त्याने स्वतः आणलेली, कुणी विचारलं नाही.

"वाळू घरी नेली, वर चिखल फासला."

"घरजावयाला कुठलं आलंय गावाचं मूल."

बोअरवेलवर कुणीतरी म्हणालं, "त्याचं स्वतःचं होतं तोवर बरा होता." नाम्बेवे घागर लावून उभी होती. तिने ऐकलं. घागर भरली, वाहायला लागली, मागची म्हणाली, "आजी, झाली की." तिने उचलली आणि चालायला लागली.

मुखियाबाईंनी गोरखचिंचेखाली ठरवलं की लेविसनने तो थर एकट्याने खोदून काढायचा आणि एकट्याने नवी वाळू आणायची. संस्थेची आणखी पाच गावांची कामं त्याला मिळणार होती, त्यांबद्दल कालिंडेबाई काही बोलली नाही, आणि न बोलण्यातच कळलं. आणि लग्न जुळवताना घराच्या वतीने उभा राहिला होता तो नाम्बेवेचा थोरला भाऊ बिझेक. त्याने निरोप पाठवला, पुढच्या शनिवारी येतो, या जावयाचं काय करायचं ते बघतो. आमच्याकडे याचा अर्थ एकच. चटई आणि हत्यारं उचल आणि आपल्या आईच्या गावी जा.

सहा दिवस कुदळीचा आवाज येत राहिला. कुदळ पडायची आणि उडायची. नाम्बेवेने ठोकलेली जमीन, ती कशी सुटेल. थराखाली गावाची वाळू तशीच होती, पण ते बघायला मोठं कुणी आलं नाही. पहिल्या दिवशी लेविसनच्या तळहातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. तिसऱ्या दिवशी त्याने हातांना लोनेसीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. पोरं लांबून बघत. ती जवळ आली की त्यांच्या आया हाक मारून बोलावून घेत.

नाम्बेवे घरात मक्याच्या पिठाची न्सिमा घाटत बसे. एक मोठा गोळा, वर वाळलेले मासे, तिच्या वाटणीचेही.

"एवढं कशाला आई?" लोनेसी म्हणाली.

"उन्हात काम करतोय माणूस."

"जेवत नाहीत ते. तसंच परत येतं."

"मग तू बस समोर."

"आई," लोनेसी म्हणाली, "त्यांनी नाही केलं ते. मी विचारलं. बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करतात." तिचे डोळे आईच्या हातावर होते, पळीवरच्या त्या आखडलेल्या करंगळीवर. "तुला काही माहीत आहे का गं?"

"मला काय माहीत असणार," नाम्बेवे म्हणाली. "मी त्याच्यासमोर जात नाही."

हे वाक्य तोंडातून इतकं सहज निघालं की तिची तिलाच किळस आली. पळी पातेल्यात टाकून ती मागे गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. 

ती रोज ठरवी. मुखियाबाईंच्या दारापर्यंत जाई. एकदा आत जाऊन बसलीही.

"काय गं नाम्बेवे?"

"मीठ आहे का चिमूटभर?"

मीठ घेऊन परत आली. एनेलेसीच्या घरी गेली, तियामिके प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. "आजी, बघा, दगड झालाय," ती म्हणाली आणि प्लास्टर वाजवून दाखवलं. नाम्बेवेने नेलेले भुईमूग ठेवले. एनेलेसीने ते घेतले, आणि सरळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू आणखी काही द्यायचं राहिलंय.

शनिवारी बिझेक आला. सायकल गोरखचिंचेला टेकवली, टोपी काढून घाम पुसला. सगळं गाव जमलं. लेविसनला खोदता खोदता बोलावून आणलं, गुडघ्यांपर्यंत धुळीने माखलेला. तो पुरुषांत बसला नाही, बाजूला मातीत बसला.

"आमच्या घराने तुला मुलगी दिली," बिझेक म्हणाला. "तू आमचं नाव पोरांच्या पायाखाली घातलंस. बोल, काय म्हणणं आहे?"

"काही नाही."

"वाळू नेलीस?"

"नाही."

"मग सारवलं कुणी? भुतांनी?"

दोघंतिघं हसले. 

"मग चटई गुंडाळ," बिझेक म्हणाला. लोनेसीने पदर तोंडात कोंबला. तान्ही रडायला लागली.

नाम्बेवे बायकांमधून उठली. जावई समोर असताना ती पुरुषांच्या बैठकीत चालत गेली, हे पाहूनच लोक कुजबुजले. ती गुडघ्यावर बसली, पण भावाकडे नाही, मुखियाबाईंकडेही नाही. जिथे लेविसन बसला होता तिकडे तोंड करून.

"लेविसन," ती म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सासूने भर बैठकीत नाव घ्यावं, ही त्याला दिलेली शिवीच होती. तिला ते कळत होतं. पण दुसरा रस्ता तिने आठ दिवस शोधला होता.

"मी सारवलं," ती म्हणाली. "वारुळाची माती, बारा खेपा पाणी. मी एकटीने. वाळू कशाला ते मला माहीत नव्हतं. हे पहिल्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं."

 

"माहीत आहे," एनेलेसी म्हणाली.

नाम्बेवेने मान वळवली.

"पहिल्याच संध्याकाळी बघितलं मी. तीन बोटं." एनेलेसीचा आवाज चढला नव्हता. "आम्ही सगळ्या बघितलं. तुमचं सारवण काय आम्ही ओळखत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. रोज वाट बघत होते. भुईमूग घेऊन आलात तेव्हा वाटलं, आता."

नाम्बेवेने इतर बायकांकडे बघितलं. एकीने तान्ह्याचं टोपरं नीट केलं, एक जमिनीवर काडीने रेघा ओढू लागली.

"तो बाहेरचा," मुखियाबाई हळूच म्हणाल्या. त्यांनाही कुणाकडे बघता येईना. "तो गप्प होता. आपल्याला ते सोपं पडलं."

बिझेकने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. चटईचं पुढे काही बोलला नाही. लेविसन उठला, तोंडावरचे हात न काढताच वळला आणि कामाकडे गेला. थोड्या वेळाने कुदळीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

नाम्बेवे घरी जाऊन आपली कुदळ घेऊन आली. जागेच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून तिने खोदायला घेतलं. तासाभराने एनेलेसी आली. मग आणखी. बोलत कुणीच नव्हतं. त्या रविवारी चर्चला फार थोडी माणसं गेली, बाकीची नदीवरून टोपल्या आणत होती, आणि चढावर कुणी थट्टा केली नाही.

पाच गावांची कामं तोवर ब्लांटायरच्या एका मिस्त्रीला दिली गेली होती. नाम्बेवे पायी जाऊन बांगुलाच्या रस्त्यावर कालिंडेबाईची गाडी अडवून सगळं सांगून आली. बाईने ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, म्हणाली, "आजी, आता काय होणार?" काही झालं नाही.

बिझेक दुसऱ्या वर्षी हिवतापाने गेला. मुखियाबाई अजून आहेत, ऐकू कमी येतं. तियामिकेचं कोपर पुरतं सरळ झालं नाही. घागर डोक्यावर घेताना ती डावा हात लावते. औंदा शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे, आणि कुणी विचारलं तर सांगते की झोपाळ्यावरून पडले, एवढंच. लोनेसीला पुढे दोन मुलगे झाले. पहिल्याचं नाव काय ठेवायचं यावर घरात बोलणं झालंच नाही. लोनेसीने योहानेच ठेवलं.

लेविसनने मुलांच्या खेळाचं काही पुन्हा बनवलं नाही. खिडक्या, खाटा, आणि लागली तर शवपेट्या करतो. काम चांगलं आहे, लांबून लोक येतात.

त्यानंतर नाम्बेवे सहा वर्षं जगली. रोज सकाळी मुलं यायच्या आधी ती फावडं घेऊन जाई आणि पायांनी दबलेली वाळू खालवर करून मोकळी करी. शेवटच्या वर्षी वाकता येईना, तेव्हा बसून हाताने करी. तिचा ओटा मात्र तिने परत कधी सारवला नाही. लोनेसी सारवे.

सासू-जावई सहा वर्षं त्याच अंगणात राहिले. तो दिसला की ती बाजूला होऊन पाठ करी, आणि तो मान खाली घालून जाई. एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. रीतच तशी आहे, असं लोक म्हणत. ती दोघंही तेच म्हणत.